मालकाच्या शिंकेची नोंद

शुक्रवार, २१ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास आटगावच्या देवराम विशे यांना त्यांच्या स्वतःच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रक मागे घेऊन देण्याचं काम मिळालं, आणि ते त्यांनी चोख केलं.

असं काही झालेलं नाही. आटगावात कुणालाही विचारा. ट्रक आला होता हे लोक कबूल करतील. तो मागे गेला हेही कबूल करतील, कारण पुढे गेला असता तर भातात रुतला असता. पण त्याला मागे घेतलं कोणी, असं विचारलं की लोक आभाळाकडे बघून आज पडेल का काय, असं म्हणतात. तेव्हा ते झालंच नाही असं धरून आपण सुरुवातीपासून जाऊ.

देवरामचा कारखाना म्हणजे बापाच्या शेताच्या कडेला उभी केलेली पत्र्याची शेड. तिथे मिठाईची खोकी बनत. नऊ कामगार, एक कारकून मुलगी, एक वॉचमन, एक कापायचं मशीन, आणि मशीनसमोर देवरामची खुर्ची. खुर्ची गोल फिरणारी होती. देवराम ती फिरवत नसे, पण फिरवता येते हे त्याला माहीत होतं आणि तेवढ्यावर तो खूश होता.

त्या ऑगस्टात देवरामच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी कल्याणचे मिठाईवाले शेठ मोदकांची खोकी न्यायला स्वतः येणार होते. माणूस नाही पाठवणार, स्वतः. कारखाना बघणार, मालकाला भेटणार आणि पटलं तर दिवाळीचं कामही इथेच देणार. देवरामने हे गावात इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की आता शेठ आले नसते तरी देवरामला त्या खुर्चीत बसून कुणाची तरी वाट बघणं भाग होतं. शुक्रवारी आपण आत, खुर्चीत बसलेले असायला हवं. एवढंच. माणूस देवाकडे याहून कमी काय मागणार?

आणि त्याच वेळी पुण्याहून स्वाइन फ्लू आला. म्हणजे आटगावात आला नाही, पेपरात आला. पण पेपर आटगावात येत होता.

सोमवारी सकाळी कामगारांनी जनाबाईला पुढे केलं. जनाबाई पुठ्ठा दुमडण्यात आणि माणूस दुमडण्यात सारखीच तरबेज होती.

"शेठ, एक इचारायचं व्हतं. कुणाला ताप आला तर घरी बसायचं का?"

"बसायचं ना."

"आन खाडा लागंल का?"

"बघू" असं म्हणायला देवरामने तोंड उघडलं, आणि "ब" वरच ते मिटलं.

त्याचं कारण पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. चौऱ्याण्णव साली देवराम मुरबाडला एका कंपनीत अशाच मशीनवर कामगार होता. बायकोच्या बहिणीच्या मुलाचं बारसं सुरतेला होतं, म्हणून दोघं सुरतेला गेले. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि मागोमाग सुरतेत प्लेग आल्याची बोंब झाली. देवराम परत आला तो कंपनीच्या फाटकावर अडला. "सुरतेहून आलास? घरी जा." किती दिवस? बघू. पगार मिळेल का? बघू. कागदावर लिहून द्या. बघू. असं महिनाभर बघून झाल्यावर त्याच्या मशीनवर दुसराच माणूस दिसला. अकरा वर्षं तिथे काढून देवराम पर्मनंट झाला नव्हता, त्यामुळे त्याला काढलं असंही म्हणता येईना. त्या दिवशी फाटकाच्या गजाला धरून देवरामने शपथ घेतली, की कधी मालक झालोच तर "बघू" म्हणणार नाही. लिहून देईन.

"लिहून देतो," देवराम जनाबाईला म्हणाला.

जनाबाई घाबरली. तिला वाटलं कामावरून काढतायत.

मालकाने लिहून द्यायचं तर काय लिहायचं, हे विचारायला देवरामने पुतण्याला, दिनेशला फोन लावला. दिनेश रोज वाशिंदवरून मुंबईला जाई आणि तिथे एका मोठ्या ऑफिसात इतक्या थंडगार एसीत बसे की त्याला कायद्याची माहिती असणार असं घरातले सगळे धरून चालत. दिनेशने आपल्या ऑफिसात वाटलेला इंग्रजी कागद फॅक्स केला. तो अकरा पानी होता. कारकून भूमिका शहापूरच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली. चुलत्याच्या शेजारची पोर, म्हणून देवरामला काका म्हणायची. तिने दुपारभर बसून अकरा पानांचं एक पान केलं. त्यात असं होतं की जो कोणी फाटकावर शिंकेल वा खोकेल त्याने सात दिवस घरी राहावे. ते दिवस पगारी धरले जातील. आठव्या दिवशी तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय त्याला आत घेतले जाणार नाही. शिंकेची नोंद वॉचमन करील, आणि हा नियम हुद्दा, वय व नाते न पाहता सर्वांना लागू राहील.

"हुद्दा, वय व नाते न पाहता" हे वाचून देवरामचे डोळे पाणावले. चौऱ्याण्णव साली हे कुणी लिहिलं असतं तर! त्याने तेवढे शब्द लाल पेनाने गिरवायला लावले, खाली सही ठोकली, सहीवर शिक्का ठोकला, आणि कागद फाटकाला लावला.

आता इथवर देवरामने जे केलं ते कुठलाही चांगला मालक करील. गडबड त्याच्या पुढच्या वाक्याने झाली. ते वाक्य त्याने वॉचमनला म्हटलं.

वॉचमन यमाजी खर्डीकडच्या डोंगराखालच्या वाडीतला. साठीचा. वाडीत तो भगतही होता. रात्रपाळी नसेल तेव्हा लोकांच्या गुरांची नजर उतरवायचा आणि रात्रपाळी असेल तेव्हा फाटकावर बसून नजर ठेवायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण भूमिकाने नोटीस दोनदा वाचून दाखवल्यावर त्याने ती जशीच्या तशी म्हणून दाखवली, कुठे थांबायचं त्यासकट. नोंदवहीसाठी त्याने माणशी एकेक चित्र ठरवलं होतं. जनाबाईला विळा, नथूला बेडूक, भूमिकाला चष्मा. मालकाला खुर्ची.

देवराम त्याला म्हणाला, "यमाजीबाबा, कागद लावलाय खरा, पण कागद म्हणजे पावसात भिजणार. तुमच्या वाडीत रोगराई आली की वेस बांधता ना, तसं इथंपण काय ते करून टाका."

"कच्ची बांधू का पक्की?"

"आता करायचंच तर पक्कीच करा."

"पक्कीला यजमान लागतो."

"मी आहे ना!"

यमाजीने वही उघडून खुर्चीचं चित्र एकदा बघून घेतलं. मग त्याने कोंबडा वगैरे काही मागितलं नाही. फक्त नारळ, सूत आणि तांदूळ मागितले, आणि त्याच संध्याकाळी फाटकाला वेस बांधली. पक्की वेस कशी असते हेही त्याने सांगितलं. वेशीवरून ज्याला परत फिरवला त्याने आपणहून आत यायचं नाही. दिवस भरले की यजमानाने आतून हात द्यायचा आणि त्याचा हात धरून त्याला आत ओढायचं. मगच तो आतला. देवरामने ऐकलं, मान हलवली, आणि विसरला. मालकाला शंभर कामं असतात.

मंगळवारी सकाळी आठला नथू फाटकावर तीनदा शिंकला. यमाजीने बेडकापुढे तीन रेघा मारल्या.

"शेठ, तीनच आल्या वो," नथू म्हणाला. "चवथी मी गिळली."

"घरी जा, नथू. सात दिवस. पगारी."

"पगारी?" नथूला ते पटेना. त्याला वाटलं यात काहीतरी डाव आहे. "नक्की घरीच जाऊ ना? का हितंच कुठं बसू?"

सगळे कामगार फाटकाच्या आत गोळा झालेले होते. असा प्रसंग पुन्हा येणार नाही हे ओळखून देवराम फाटकाबाहेरच्या दगडावर चढला आणि त्याने भाषण केलं. मुरबाडचं सांगितलं, सुरतेचं सांगितलं, बारशाचं सांगितलं. "माझ्या कारखान्यात एकाला एक, दुसऱ्याला दुसरं, असं चालणार नाही!" तो म्हणाला. "उद्या मी शिंकलो तर मलासुद्धा हाच नियम!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवराम भारावला. खिशातून त्याने कापूर-वेलचीची पुडी काढली. त्या दिवसांत फ्लू लागू नये म्हणून सगळे असल्या पुड्या हुंगत फिरत आणि कारखान्यात त्या देवरामनेच वाटल्या होत्या. पुडी नाकाशी धरून त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि तो शिंकला.

शिंक मोठी होती. ती आल्यावर टाळ्या थांबल्या.

यमाजीने वही उघडली. खुर्चीचं चित्र शोधलं. तिच्यापुढे एक रेघ मारली.

"यमाजीबाबा, ही कापराची शिंक आहे."

"कागदात कापूर नाय," यमाजी म्हणाला, आणि फाटक लावून घेतलं. कडी आतून.

"अहो, मी मालक आहे!"

"हुद्दा, वय व नाते न पाहता," यमाजी म्हणाला, आणि जिथे थांबायचं तिथे थांबला.

देवराम हसला. मग कुणीच हसत नाही असं बघून थांबला. "बरं, मी नोटीस मागं घेतो," तो म्हणाला. "मीच लावली, मीच काढतो. भूमिका, काढ गो तो कागद."

भूमिका कागदाकडे गेली, पण मधेच जनाबाईने विचारलं, "मंग नथूला बोलवू का माघारी?"

नथू अजून रस्त्याच्या वळणावर होता. तोही थांबून बघत होता.

देवरामने घाईघाईने दिनेशला फोन लावला. दिनेश म्हणाला, काका, मागे घेऊ नका. शिंकलेल्या माणसाला परत बोलावलंत आणि उद्या दुसरा आजारी पडला तर मालकाने जाणूनबुजून आजारी माणूस आत घेतला असं होईल. आणि त्याला नाही बोलावलं, तुम्ही एकटेच आत गेलात, तर भेदभाव होईल. "दोन्हीकडून तुमीच अडकता, काका," दिनेश म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. त्याला एवढं नीट कधी सांगता आलं नव्हतं.

देवरामने फाटकाकडे पाहिलं. गज होते. गजांमागून माणसं बघत होती. चौऱ्याण्णव साली आपण बाहेरून धरले होते तसलेच गज, फक्त रंग आपल्या आवडीचा. आता नोटीस काढली तर मुरबाडच्या त्या मालकात आणि आपल्यात फरक तो काय, हे त्याला स्वच्छ दिसलं. दिसलं त्याचा त्याला फार राग आला.

"सात दिवस तर सात दिवस!" तो म्हणाला. "मंगळवार ते सोमवार. आठव्या दिवशी मी आत. शेठ येणार पुढच्या शुक्रवारी. पुष्कळ वेळ आहे."

"पगारी," जनाबाई आठवण करून द्यावी तसं म्हणाली.

घरी बायकोने, हौसाने, त्याला दारात बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "अवो, इतक्यात?"

"सात दिवस रजेवर आहे."

"कुणी दिली?"

"मी."

"आन मला कुणी इचारलं का? सात दिवस घरात बसवून तुमचं करू काय मी?" हौसाने त्याला ओट्यावर बसवलं, गवती चहाचा काढा हातात दिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "काय नाय झालं त्यांना. नुसते काढलेत."

दुपारी त्याने कारखान्यात फोन केला. मशीन कसं चाललंय? चांगलं चाललंय, भूमिका म्हणाली. ते खडखड करतं ना, तेव्हा उजव्या अंगाला थाप मारावी लागते, ती थाप मलाच जमते. नाही काका, जनाबाईने खाली पुठ्ठ्याची घडी सारली, आता खडखड नाही करत. ती थाप जमायला देवरामला तीन वर्षं लागली होती. बुधवारी त्याने विचारलं, खळ पातळ तर नाही ना झाली? नाही काका. गुरुवारी विचारलं, काही अडलंय का? नाही काका. शुक्रवारी दहीहंडी होती, त्याने फोनच केला नाही. शनिवारी भूमिकाने आपणहून फोन केला तेव्हा तो इतका खूश झाला की त्याने उठून फोन घेतला. "काका," ती म्हणाली, "तुमची खुर्ची जरा वापरू ना? फोनची वायर टेबलापलीकडं पोचत नाय."

"वापर," देवराम म्हणाला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. हौसाला वाटलं खरंच ताप आला. तिला जरा बरं वाटलं, की निदान काहीतरी आहे.

मंगळवारी, आठव्या दिवशी, देवराम सकाळीच शहापूरला डॉक्टरकडे गेला.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग आलात कशाला?"

"काही होत नाही असं लिहून द्या."

डॉक्टरांनी त्याला तपासलं. जीभ बघितली. "काय झालं होतं?"

"एक शिंक."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी."

"आता आहे?"

"नाही, तेव्हाच गेली."

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "आजारी होता आणि बरा झाला, असं मी लिहू शकतो. पण तुम्ही आजारीच नव्हता. मग मी बरं काय झालं म्हणून लिहू? सध्या वरून सगळे दाखले तपासतायत. बाहेर बघा किती रांग आहे." बाहेर खरोखर रांग होती. रांगेतले सगळे तोंडाला रुमाल बांधून देवरामकडे बघत होते, की हा एवढा तंदुरुस्त माणूस आपल्या आधी आत शिरला कसा.

देवरामने तिथेच खोकून बघितलं. डॉक्टर म्हणाले, हा खोटा आहे.

तो कारखान्यावर आला तर फाटकाबाहेर नथू उभा. नथूला खरंच पडसं झालं होतं, त्यामुळे त्याच्याकडे सरकारी दवाखान्याचा दाखला होता, गोल शिक्क्यासकट. यमाजीने दाखला उलटसुलट करून शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"कागदाचं झालं," तो म्हणाला. "आता येशीचं. यजमानानं आतून हात द्यायचा."

सगळ्यांनी यजमानाकडे पाहिलं. यजमान नथूच्या शेजारी, बाहेर उभा होता.

"मी बाहेरून ढकलतो," देवराम म्हणाला.

"ढकलून नाय चालत. ओढावा लागतो."

यात कुणाचंच काही चालेना. नथूला मात्र काम हवं होतं. सात दिवस पगारी बसून त्याची झोप उडाली होती. शेवटी यमाजीने वही उघडली आणि खुर्चीच्या चित्राकडे पाहत बसला. "नारळ मी खुर्चीच्या नावानं फोडलेला," तो सावकाश म्हणाला. "शेठ म्हंजे खुर्ची, अशीच मी खूण धरलेली. आता खुर्चीत कोण बसतंय?"

आतले सगळे एका सुरात म्हणाले, "भूमिका!"

"वायर पोचत नाय म्हणून," भूमिका कळवळून म्हणाली.

पण तिला पुढे यावं लागलं. तिने फाटकातून हात काढला, नथूने तो धरला, तिने ओढलं, आणि नथू आत गेला. जाऊन तो तिच्या पाया पडला. ती त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होती, पण यजमानाच्या पाया पडायचं असतं.

देवराम हे बघत होता. मग त्यानेही हात पुढे केला. "भूमिके, मलाही घे."

"दाखला?" यमाजी म्हणाला.

"दाखल्याचं मागनं बघू!" देवराम म्हणाला, आणि आपण काय बोललो हे ऐकून त्याचा त्यालाच घाम फुटला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तोंडातून गेला होता.

भूमिका फाटकाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, मी ओढते. कागदाचं काय व्हायचं ते होवो. पण मी हात धरून आत घेतलं तर मग तुमी नथूसारखेच आत येणार. म्हंजे... मग मी कोण आन तुमी कोण?"

देवरामने हात मागे घेतला. तो तसाच वर धरायचा की खिशात घालायचा हे त्याला कळेना, म्हणून त्याने त्या हाताने मच्छर मारला.

बुधवारी तो कल्याणला एका सरकारी कार्यालयात गेला. कामावरून घरी पाठवलेल्या लोकांच्या तक्रारी तिथे घेतात असं दिनेशने सांगितलं होतं. खिडकीतला कारकून भला माणूस होता. त्याने पंखा देवरामकडे वळवला.

"तुम्हाला कामावर घेत नाहीत?"

"नाही घेत."

"नोटीस दिली होती?"

"दिली होती. मीच."

"तुम्ही कामगार ना?"

"मालक."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला अडवलं कुणी?"

"नियमाने."

"नियम कुणाचा?"

"माझा."

"म्हणजे तक्रार कुणाविरुद्ध?"

देवरामने विचार केला. "माझ्याविरुद्धच होईल बहुतेक."

"मालकाविरुद्ध तक्रार आम्ही घेतो," कारकून म्हणाला. "बारा महिने घेतो. पण ती कामगाराने करायची असते. मालकाला रजा नसते, मालकाला बडतर्फी नसते, मालकाला परत कामावर घेणं नसतं. कायद्यात मालकाला नुसती जबाबदारी असते. तुम्ही एक दिवस जरी कामगार असता ना, तर मी त्या मालकाला सोडला नसता." त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्याने चहा मागवला.

परतीच्या गाडीत देवरामने सगळा हिशोब मांडून बघितला. आजारी असतो तर बरा झालो असतो. कामगार असतो तर तक्रार केली असती. वाईट मालक असतो तर नोटीस फाडून आत गेलो असतो. तिन्ही रस्ते चांगले होते आणि त्याच्याकडे तिन्हींपैकी एकही नव्हता.

गुरुवारी तो शेताकडून शेडच्या मागच्या खिडकीशी गेला आणि चिखलात उभा राहून आत सूचना देऊ लागला. खोकी नीट रचा, मोदकाचं चित्र वर येऊ द्या. आतून जनाबाई म्हणाली, "व्हय शेठ, वरच हाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "शेठ, तुमी उजेड अडवताय."

शुक्रवार उजाडला. देवराम इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन फाटकाबाहेर उभा राहिला. शेठ आले की फाटकातच गाठायचं, बोलत बोलत रस्त्यावरच सौदा करायचा, असा त्याचा बेत होता. यमाजीने आतून त्याला बसायला स्टूल दिलं. स्टूल बाहेर द्यायला हरकत नव्हती, स्टूल शिंकलं नव्हतं.

साडेअकराला ट्रक आला आणि त्याच्या मागे शेठची गाडी. रस्ता अरुंद, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला गुडघाभर भात. ट्रक फाटकाला उलटा लावायला हवा होता. ड्रायव्हर नवखा, त्याला काहीच दिसेना. मिठाईवाले शेठ काच खाली करून छत्रीवाल्या माणसाला म्हणाले, "ओ दादा, जरा मागं घ्यायला सांगा ना त्याला."

देवरामने तोंड उघडलं. "मी इथला..." असं तो म्हणणारच होता. पण तेवढ्यात ट्रकचं मागचं चाक बांधावर चढलं, आणि आत जनाबाईने दहा दिवस रचलेली खोकी फाटकापाशी ठेवलेली होती. देवरामने छत्री फेकली. "डावीकडं! येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस! आता सरळ! अरे सरळ म्हंजे सरळ, सासुरवाडीला चाललायस का?" ट्रक एका फटक्यात असा लागला की त्याच्या आणि फाटकाच्या मध्ये हात जाईना.

खोकी भरली गेली. ट्रक फाटकातून बाजूला झाल्यावर शेठ आत जाऊन आले. मशीन बघितलं, खोकं दाबून बघितलं, गोल खुर्चीत बसलेल्या भूमिकाशी दिवाळीचं बोलले. ती दर वाक्याला "काकांना विचारते" म्हणत होती आणि शेठना वाटत होतं, घरातलं कुणीतरी वडीलधारं असेल, मुलगी चांगली वळणाची आहे. जाताना ते फाटकात थांबले आणि देवरामकडे बोट करून तिला म्हणाले, "हा तुमचा माणूस चांगला आहे. असली माणसं आता मिळत नाहीत. त्याला पर्मनंट करून टाका."

भूमिका रडायच्या बेताला आली. जनाबाईने पदराने तोंड झाकलं. ती हसत होती की काय, हे समजलं नाही.

देवराम मात्र जागच्या जागी उभा राहिला. मुरबाडला अकरा वर्षं तो या एका शब्दाची वाट बघत होता. तिथला मालक कधी म्हणाला नाही. आणि आज, चिखलाने माखलेल्या इस्त्रीच्या शर्टात, स्वतःच्याच दारात, एका परक्या माणसाने तो उच्चारला होता. आनंद व्हावा की अपमान वाटावा याचा निकाल त्याच्या आत लागेना. दोन्ही एकदम आले आणि फाटकावर अडले.

गाड्या गेल्यावर यमाजीने गजांतून चहाचा ग्लास दिला. "शेठ, ट्रक झ्याक घेतलात," तो म्हणाला.

"यमाजीबाबा, मी आत येऊ कसा?"

"दाखला आना, नायतर हात धरा," यमाजी म्हणाला. "दोन रस्ते हायेत. लोकांना एकबी नसतो."

देवरामने चहा संपवला. मग भूमिकाकडून एक कोरा कागद मागून घेतला, टेकवायला मोदकाच्या खोक्याचं झाकण घेतलं, आणि स्टुलावर बसून, पंधरा वर्षांपूर्वी ज्या हातात "बघू" म्हणून कुणी कागद दिला नव्हता त्याच हाताने, संध्याकाळपर्यंत एक अर्ज लिहिला. यमाजीने तो गजांतून आत घेतला, खुर्चीच्या चित्रापुढे आवक म्हणून नोंदला, आणि पुढे कल्याणच्या कार्यालयात पाठवायचा म्हणून गजांतून परत बाहेर दिला. तो असा:

प्रति, मा. अधिकारी महोदय.

विषय : मला कामगार समजण्याबाबत.

महोदय, मी खाली सही करणार देवराम विशे, राहणार आटगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, विनंतीपूर्वक कळवतो की माझे मालक देवराम विशे यांनी मला दिनांक ११ ऑगस्टपासून फाटकाबाहेर ठेवले आहे. मालकांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. ते पूर्वी असे नव्हते, आणि होऊ नये म्हणून त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले हे मी जवळून पाहिले आहे. माझे काम समाधानकारक असल्याबद्दल बाहेरील एका व्यापाऱ्याने आजच तोंडी शेरा दिलेला आहे.

तरी मला सदर तारखेपासून पूर्वलक्षी प्रभावाने, फक्त आत जाण्यापुरते, कामगार समजण्यात यावे. त्या कामगारास कामावर घेण्याचा आदेश मालक या नात्याने माझ्यावर बजावण्यात यावा. मी तो आदेश न पाळल्यास माझ्यावर कडक कारवाई व्हावी, आणि कारवाई करण्यासाठी आपले अधिकारी कारखान्यात येतील त्या वेळी मालकाने समक्ष हजर असणे आवश्यक असल्यामुळे, आपल्यापैकी कोणीतरी आतून माझा हात धरावा, ही नम्र विनंती.